नाना गेला. विशेषणं नकोत, त्याचं काम सांगा

जुनास्पूल

नाना गेल्याचं आपल्यापैकी बऱ्याच जणांना एव्हाना कळलं असेल. व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर फुलांची चित्रं आणि जोडलेले हात पडत राहिले. "दिलदार माणूस", "हसतमुख व्यक्तिमत्त्व", आणि एकाने तर चक्क "अजातशत्रू" लिहिलं. ते वाचून मला तशाही अवस्थेत हसू फुटलं. नाना आणि अजातशत्रू? निम्म्या रेडिओ केंद्राशी ज्याने कधी ना कधी अबोला धरला, ज्याच्या खोलीत शिरण्याआधी प्रोग्रॅमवाले दारातून अंदाज घ्यायचे, तो?

लिहिणाऱ्यांवर राग नाही. अशा वेळी माणूस हाताशी येईल ते लिहितो. पण ते मजकूर नाव बदलून कुणाच्याही फोटोखाली चालले असते. म्हणून हा धागा. अट एकच: तो कसा होता ते सांगू नका, काय करायचा ते सांगा. तुमच्यादेखत काय झालं ते. खरं नाव आणि केंद्र कृपया लिहू नका, घरच्यांना विचारलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना 'नाना' पुरे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. नाना रेडिओत टेप एडिटिंग करायचा. आवाज पाव इंच रुंद टेपवर असायचा ते दिवस. भाषणं-मुलाखती सेकंदाला ७.५ इंच वेगाने, संगीत शक्यतो १५ इंचांनी. सात इंची स्पूलवर १२०० फूट टेप, ७.५च्या वेगाला ३२ मिनिटं. वक्ता अडखळला, खोकला, तेच वाक्य दोनदा बोलला की ते खरोखर कापूनच काढायचं. दोन्ही स्पूल हाताने मागेपुढे हलवत नेमका शब्द आवाज वाचणाऱ्या प्लेबॅक हेडवर आणायचा, टेपच्या पाठीवर पिवळ्या मेणपेन्सिलीने खूण करायची, टेप ब्लॉकच्या खोबणीत बसवायची, ब्लेड ओढायचं, टोकं भिडवून पाठीवर पट्टी चिकटवायची. चुकलं तर जमिनीवर पडलेल्या तुकड्यांतून आपला तुकडा शोधत बसायचं.

छेद तिरका, ४५ अंशांचा. का, ते मला नानाने दाखवलं. त्याने एकच वाक्य एकदा सरळ कापून जोडलं आणि एकदा तिरकं. सरळ जोडावर 'टक्' असा आवाज. तिरक्यावर काही नाही. तिरक्या छेदात पहिला आवाज उतरत जातो, तेवढ्यातच दुसरा चढत येतो. पाव इंचाची टेप ७.५ इंचांच्या वेगाने, म्हणजे ही अदलाबदल सेकंदाच्या ३०व्या भागात उरकते. "तेवढ्यात कान फसतो," एवढंच बोलून तो पुढच्या स्पूलकडे वळला.

माझी आठवण श्वासांची. नवीन आलेल्या एका निर्मात्याला मुलाखतीतले श्वास खटकत होते. "सगळे काढा, स्वच्छ करा." नाना वाद घालण्यातला नव्हता. त्याने मिनिटभराच्या मजकुरातला एकूण एक श्वास कापला, प्रत्येक तुकडा टेबलाच्या कडेला ओळीने चिकटवला आणि ते मिनिट लावलं. वक्ते नामांकित, बोलणं तेच, शब्दही तेच. पण अर्ध्या मिनिटात आमच्याच छातीवर दडपण यायला लागलं. निर्माता नकळत स्वतः मोठ्याने श्वास घेत होता. नानाने मशीन थांबवलं आणि टेबलावरचे श्वास एकेक उचलून परत जागच्या जागी लावले. कुठला श्वास कुठला हे त्याने कुठेही लिहिलं नव्हतं.

आता तुम्ही.

---

रात्रपाळी

मी उद्घोषक होते, आणि नानांच्या अबोल्याच्या यादीत दोनदा जाऊन आलेली आहे. त्यामुळे लिहायचा पूर्ण अधिकार आहे. :)

निवेदन करणाऱ्यांना नाना अक्षरांवरून ओळखायचे. 'क', 'ट', 'प' म्हणताना तोंडातली वाट क्षणभर पूर्ण बंद होते, हवा अडते, आणि मग अक्षर फुटतं. त्या अडलेल्या क्षणी टेपवर जवळजवळ काही नसतं. तिथे ब्लेड लावलं की जोड सापडत नाही. 'स' किंवा लांबलेला 'आ' मधोमध कापणं महाकठीण, कारण आवाज सलग चालू असतो. हे मला पुस्तकातून नाही, नानांच्या रागातून कळलं. एकदा मी वाक्य चुकले आणि मधल्याच शब्दापासून परत सुरू केलं. स्टुडिओच्या काचेपलीकडून टॉकबॅकवर आवाज: "मागच्या 'प'पासून घ्या. मला पाय ठेवायला जागा पाहिजे."

तेव्हापासून आजतागायत चुकले की मी आधीच्या 'क'-'प'पर्यंत मागे जाते. निवृत्त झाले तरी. फोनवर बोलतानासुद्धा.

दुसरी गोष्ट एका रात्रीची. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, आयत्या वेळी त्यातला एक भाग काढायचा निरोप आला. प्रसारणाला काही मिनिटं. नानांनी टेप मधोमध कापून दोन स्पूल केले. पहिला अर्धा भाग माझ्याकडे दिला, "लाव." मी लावला. तो प्रसारित होत असताना शेजारच्या खोलीत दुसऱ्या अर्ध्यावर ब्लेड चालू होतं. माझ्यासमोरच्या स्पूलवर टेप संपत आली होती, दुसरं मशीन रिकामं, आणि मी दाराकडे बघतेय. नाना आले, धावत वगैरे नाही, स्पूल चढवला, टेप हेडमधून ओवली, लीडर, म्हणजे सुरुवातीची कोरी पट्टी, संपून आवाजाची जागा नेमकी हेडसमोर आणली आणि म्हणाले, "आता." श्रोत्यांपैकी कुणालाही काही कळलं नाही. आमच्या कामात कुणाला काही कळलं नाही तरच काम झालं, त्यामुळे त्याची शाबासकीही कधी कुणी दिली नाही.

---

खर्ज

वर 'संगीत १५ इंचांनी' आलंय तिथून पुढे. मी संगीत विभागात होतो. नाना आमच्या टेप कपाटात ठेवण्यावरून कटकट करायचे: "शेपूट बाहेर ठेवा." म्हणजे ध्वनिमुद्रण झाल्यावर टेप पहिल्या स्पूलवर परत गुंडाळायची नाही. शेवटचं टोक वरच राहू द्यायचं, आणि वाजवायच्या दिवशी मागे घ्यायची.

आम्हाला तो आळसाचा बहाणा वाटायचा. कारण नंतर समजलं. स्पूलवर टेपचे वेढे एकमेकांना चिकटून असतात आणि एका वेढ्याचं चुंबकत्व हळूहळू शेजारच्यावर उमटतं. टेप सुरुवात वर ठेवून साठवली तर मोठ्या आवाजाची पुसट छाया त्याच्या *आधीच्या* शांततेत जास्त उमटते. गायकाने षड्ज लावायच्या आधीच तो षड्ज कुठून तरी लांबून ऐकू येतो. शेपूट बाहेर ठेवली की जास्तीची छाया नंतर पडते, आणि चालू आवाजाखाली झाकून जाते.

एका जुन्या टेपवर ती भुताटकी त्यांनी आम्हाला ऐकवली. हेडफोन लावून, पूर्ण शांततेत. "बघा, अजून गायला नाही आणि गातोय."

अवांतर: नवीन माणसाला ते एक गोष्ट हमखास ऐकवायचे. टेपचा जनक फ्रिट्झ प्फ्लॉयमर हा मुळात सिगारेटच्या कागदावर सोनेरी पट्टी चिकटवायची पद्धत काढणारा माणूस. धातूची भुकटी कागदावर बसवता येते तर लोहाची का नाही, या विचारातून १९२८मध्ये त्याने कागदी टेप केली. मग जर्मनीतच १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन मशीन आलं. गोष्ट खरी आहे. पण नाना ती अशा थाटात सांगायचे की जणू प्फ्लॉयमर मागच्याच आठवड्यात त्यांना भेटून गेला.

---

तिरकस

धागा छान चाललाय, पण धागाकर्त्यांनी 'विशेषणं नकोत' म्हणून सुरुवात केली आणि आपण हळूहळू संतचरित्राकडे निघालोय. म्हणून दुसरी बाजू.

मी नानांच्या हाताखाली होतो. हा माणूस शिकवत नसे. विचारलं तर "बघ" म्हणायचा, आणि बघायला जवळ गेलो तर "उजेडात येऊ नको". माझी एक संपूर्ण मुलाखत, रात्री जागून कापलेली, सकाळी त्यांनी ऐकली आणि सगळे जोड ओढून उघडले. सगळे. चिकटपट्ट्या सोलून टेप तुकड्या-तुकड्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. का, ते सांगितलं नाही. दुपारी मी पुन्हा जोडायला बसलो. आज मागे वळून 'काय शिस्त होती' म्हणणं सोपं आहे. तेव्हा मी नोकरी सोडायच्या बेतात होतो, आणि माझ्या आधीच्याने खरोखर सोडली होती. त्याच्याबद्दल इथे कुणी लिहिणार नाही.

बढतीच्या वेळचं प्रकरण बऱ्याच जणांना आठवत असेल. ज्याला बढती मिळाली त्याच्याशी नाना एका शब्दाने बोलत नव्हते. एकाच खोलीत बसून निरोप शिपायामार्फत. त्या गृहस्थांचा काय दोष होता?

---

सायंतारा

@तिरकस, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहिणं शोभत नाही. तो उत्तर द्यायला इथे नाही. निदान काही दिवस तरी थांबायचं.

---

जुनास्पूल

सायंतारा, तुमची भावना समजली. पण तिरकस यांनी धाग्याची अट पाळली आहे, विशेषण एकही वापरलं नाही. राहू द्या तो प्रतिसाद. बढतीच्या प्रकरणात मी नानाच्या बाजूचा होतो, आणि तरीही शिपायामार्फत निरोप हा प्रकार मला तेव्हाही पटला नव्हता. आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो. मी त्याला ते तोंडावर सांगितलं होतं. मग पुढचे काही महिने मलाही शिपाई.

---

काटछाट

तिरकस यांना दुजोरा देऊन थोडी भर. शिकवायचे नाहीत हे खरं. पण माझ्या बाबतीत त्यांनी जे केलं त्याला शिकवणं म्हणायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या जोडांवर बारीक टिचकी यायची. छेद तिरका, टोकं नीट भिडलेली, पट्टी साफ, तरी टिचकी. मी मशीनला दोष देत होतो. नाना एक दिवस आले, माझं ब्लेड उचललं, चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरवरून सावकाश फिरवून लांब नेलं, परत टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. ब्लेडच्या पोलादात चुंबकत्व शिरलं की ते कापतानाच टेपवर आपला ठसा उमटवतं. तीच टिचकी. ते स्वतः रोज सकाळी ब्लेडवर हा सोपस्कार करायचे आणि आम्ही मागून हसायचो.

पुढे कंप्युटर आले. पडद्यावर आवाजाची आकृती दिसायला लागली, कापायला माउस, आणि चुकलं तर एका बटणात पूर्ववत. सगळ्यांना वाटलं नाना आता निवृत्ती घेणार. त्यांनी तर आठवड्यात सॉफ्टवेअर आत्मसात केलं. फक्त एक विचित्र सवय. कापायची जागा ठरवताना ते मॉनिटर बंद करायचे. म्हणजे खरोखर बटण दाबून काळा करायचे. ऐकायचे, स्पेसबारवर बोट, थांबवायचे, मग पडदा लावायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तू डोळ्यांनी कापतोस."

मी घरी जाऊन माझ्याच कामातले काही जोड डोळे मिटून ऐकले. आकृतीत जागा एकदम मोकळी, सपाट दिसत होती तिथेच मी कापलं होतं. कानाला मात्र वक्ता विचार करता करता मध्येच गप्प केल्यासारखा. सपाट दिसणाऱ्या त्या अर्ध्या सेकंदात माणूस पुढचं वाक्य जुळवत होता, आणि ते ऐकू येत होतं.

---

वाचनमात्र

मी रेडिओतला नाही, वेगळ्याच क्षेत्रातला. नेहमी नुसता वाचतो. पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

माझाही एक जुना सहकारी गेला. नोकरी बदलून बराच काळ लोटला होता, भेटीगाठी तुरळक. तरी जे वाटलं ते कुठे ठेवावं कळेना. घरच्यांना तो नावानेच माहीत. आताच्या ऑफिसात तर तेही नाही. 'कोण होता तुझा?' याला धड उत्तर नाही. नातेवाईक नाही, शाळेतला मित्र नाही. फक्त रोज आठ-नऊ तास शेजारच्या खुर्चीवर असायचा, आणि बायकोपेक्षा जास्त वेळ मी त्याच्याबरोबर काढला होता.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९मध्ये अशा दुःखावर लिहिलं आहे, की आजूबाजूचे लोक ज्याला दुःख म्हणून मोजतच नाहीत. ना कुणी सांत्वनाला येत, ना रजा मिळत. सहकाऱ्याचं जाणं त्यात चपखल बसतं. धाग्यावर हे सगळे जोड, ब्लेड, शेपूट वाचताना वाटलं, मीही माझ्या मित्राबद्दल 'फार चांगला होता' सोडून काही लिहून बघावं. लिहायला बसलो तर पहिलंच आठवलं ते हे की तो स्टेपलरच्या पिना कधीच भरून ठेवायचा नाही.

---

रात्रपाळी

@वाचनमात्र, पिनांवरून पुढे लिहा. वेगळा धागा काढा हवा तर. वाचू.

---

लेक

नमस्कार. आजच सदस्य झाले. बाबांच्या एका मित्राने धाग्याचा दुवा पाठवला. आईला सगळा वाचून दाखवला. तिरकस काकांचा प्रतिसादही. आई म्हणाली, "घरीही शिपाई असता तर माझ्याकडेही निरोपच आले असते." तेव्हा कुणी वाईट वाटून घेऊ नका.

मला मदत हवी आहे. बाबांच्या कपाटात टेपचे स्पूल आहेत, बरेच. आणि त्यांच्याबरोबर एक पत्र्याचा डबा. त्यात टेपचे छोटे छोटे तुकडे आहेत, काही बोटभर, काही हातभर. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी, त्यावर बाबांचं अक्षर. काही लिहून देते:

"स्टुडिओ २, पंखा बंद."
"स्टुडिओ २, पंखा चालू."
"बाहेर, पाऊस पडण्याआधी."
"स्टुडिओ १, सहा माणसं बसलेली, कुणी बोलत नाही."
"हसू. काढायला सांगितलं होतं."

हे काय आहे? आईला वाटतं कचरा असावा, पण कचऱ्याला कुणी चिठ्ठ्या लावतं का? घरात एक जुनं स्पूलचं मशीनही आहे, बाबांनी बरीच वर्षं लावलेलं नव्हतं. भाऊ म्हणतो लावून बघू. लावू का?

---

काटछाट

नका लावू! अजिबात नका लावू. सविस्तर लिहायला कुणीतरी जाणकार येईलच, तोवर मशीनची पिन काढून ठेवा.

डबा कचरा नाही. ती खोल्यांची शांतता आहे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पंखा, भिंती, आत बसलेली माणसं, सगळ्यांचा मिळून एक बारीक आवाज असतो, एरवी लक्षात येत नाही. बोलण्यातला खोकला काढल्यावर तिथे कोरी टेप लावली तर खोली क्षणभर नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि ऐकणारा दचकतो. म्हणून त्याच खोलीच्या शांततेचा तुकडा लावायचा. आम्ही सगळेच ध्वनिमुद्रण संपल्यावर थोडा वेळ टेप चालू ठेवायचो त्यासाठी. पण काम झालं की उरलेलं टाकून द्यायचो. जपून ठेवणारा मी दुसरा पाहिला नाही.

७.५ इंचांच्या वेगाला बोटभर तुकडा म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद.

---

तिरकस

"सहा माणसं बसलेली, कुणी बोलत नाही." मी त्या सहांतला एक असण्याची शक्यता आहे. परिसंवादाच्या ध्वनिमुद्रणानंतर नानांनी सगळ्यांना अर्धा मिनिट हलू नका म्हणून बसवून ठेवलं होतं आणि एका पाहुण्यांना ते अपमानास्पद वाटलं होतं. ते उठून जाणार होते. नाना काचेतून फक्त हात दाखवून उभे.

चिठ्ठीवर आणखी काही लिहिलंय का?

---

लेक

"स्टुडिओ १, सहा माणसं बसलेली, कुणी बोलत नाही. एकाचं पोट वाजतंय."

---

तिरकस

मीच तो.

---

ध्वनिसंग्राहक

मी ध्वनिसंग्रहालयासाठी जुन्या टेपचं डिजिटायझेशन करतो. @लेक, काटछाट यांनी योग्य वेळी थांबवलं. क्रमाने सांगतो.

आधी फक्त नाकाने आणि डोळ्यांनी तपासा. स्पूलांचे डबे उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेट या प्लॅस्टिकची टेप आणि ती खराब होऊ लागली आहे. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. वास नसेल तर स्पूल आडवा धरून उजेडाकडे बघा. उजेड आरपार दिसतो ती ॲसिटेट, दिसत नाही ती बहुधा पॉलिएस्टर. ॲसिटेट जुनी झाली की काडकन तुटते, पण तुटली तर नीट जोडता येते. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणली जाते, आणि ताणलेला आवाज परत येत नाही.

१९७० आणि ८०च्या दशकांतल्या पॉलिएस्टर टेपांपैकी काहींचा वेगळाच रोग असतो. चुंबकी भुकटी धरून ठेवणारं रसायन हवेतला ओलावा शोषून चिकट होतं. अशी टेप मशीनवर लावली की ती किंचाळते, हेडवर तपकिरी राप सोडते, आणि तो राप म्हणजेच तुमच्या बाबांचं ध्वनिमुद्रण. म्हणून 'लावून बघू' नको. यावर उपाय आहे: टेप ५० अंश सेल्सिअसच्या थोड्या वर, नियंत्रित तापमानाला काही तास तापवतात, मग ती काही काळ वाजवण्याजोगी होते. हे घरच्या ओव्हनमध्ये कधीही करू नका, आणि ॲसिटेटवर तर कुणीच कधीच करू नये.

एडिट केलेल्या टेपांत आणखी एक अडचण. जोडांच्या पट्ट्यांचा डिंक सुकतो किंवा ओघळतो, आणि वाजवताना प्रत्येक जोड सुटतो. एका मुलाखतीत शेकड्याने जोड असू शकतात. वाजवण्याआधी टेप अतिशय हळू पुढे नेत एकेक जोड तपासावा लागतो, गरज असेल तिथे नवी पट्टी. वेळखाऊ आहे, पण होतं.

घरच्या मशीनची हेडं मूळ ध्वनिमुद्रणाशी जुळतात का तेही बघावं लागतं. हेडचा कोन किंचित जरी चुकला तरी वरचे स्वर मंदावतात आणि ते नंतर कंप्युटरवर भरून निघत नाहीत. डिजिटल प्रत किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची करावी असं ध्वनिसंग्रहालयांच्या 'आयएएसए' या आंतरराष्ट्रीय संघटनेचं म्हणणं. आम्ही ९६ घेतो. एमपी३ ऐकायला करा, जपून ठेवायला नाही.

तोवर स्पूल उभे ठेवा, पुस्तकांसारखे. स्पीकर, मोटर यांच्यापासून लांब. उन्हापासूनही. आणि उशीर करू नका. टेपपेक्षा ती वाजवणारी चालू मशीनं आणि ती दुरुस्त करणारी माणसं जास्त वेगाने कमी होतायत.

---

सायंतारा

एक शंका. या टेपा केंद्राच्या मालकीच्या नाहीत का? घरी कशा आल्या हा प्रश्न उद्या कुणी विचारला तर मुलीला त्रास नको.

---

जुनास्पूल

शंका रास्त आहे, म्हणून जे माहीत आहे ते सांगतो. तेव्हा टेप महाग असायची. प्रसारण झालं, ठेवायचं ठरलं नाही, की बल्क इरेझरवर पुसून पुन्हा वापरायची. जगभरच्या रेडिओ-टीव्हीवाल्यांनी हेच केलं आणि त्यात काय काय गेलं याची पूर्ण यादी कुणाकडे नाही. पण कापून कापून लांडी झालेली, खूप जोड असलेली टेप पुन्हा वापरता येत नसे. ती रद्दीत जायची. नाना रद्दीतली उचलायचा आणि वहीत लिहून सही करून उचलायचा. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्याला वेड्यात काढायचे.

तरी मोठ्या स्पूलांवर कुणाचे आवाज आहेत हे कळल्यावर केंद्राला रीतसर पत्र द्यावं आणि प्रत देऊ करावी. प्रसारणाचे हक्क वगैरे त्यांचं ते बघतील. तुकड्यांच्या डब्याबद्दल कुणी हक्क सांगायला येईल असं वाटत नाही.

---

खर्ज

"हसू. काढायला सांगितलं होतं." हे कुणाचं असेल यावर माझ्याकडे दोन नावं आहेत. इथे लिहीत नाही. ऐकवलंत तर पहिल्या झटक्यात सांगेन.

---

लेक

सगळ्यांचे आभार. वास घेतला. एका डब्याला आंबट वास आहे, तो वेगळा खोलीत ठेवला. बाकी उभे केले. भावाने मशीनची वायर काढून माझ्याकडे दिली, म्हणजे त्याला मोह नको.

वहीही सापडली, सह्यांची. शेवटच्या पानांवर केंद्राच्या नोंदी नाहीत. बाबांनी निवृत्तीनंतर घरातलं लिहिलंय. "स्वयंपाकघर, दुपार." "जिना." "हिचं शिवणयंत्र, लांबून." हे टेपवर नसणार, मग कशावर केलं असेल?

---

काटछाट

त्यांच्याकडे हातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर होता. मीच आणून दिला होता, निवृत्तीनंतर. कार्डवर असेल. टेबलाचे खण बघा, आणि सापडलं तर आधी कार्डची जशीच्या तशी प्रत करा, मग ऐका. आणि त्या फायलींची नावं बदलू नका, वहीतल्या नोंदींशी जुळवायला लागतील.

---

जुनास्पूल

मग असं करू. ध्वनिसंग्राहक, तुम्ही व्यक्तिगत निरोपातून लेकीशी संपर्क साधा आणि आधी आंबट वासाचा डबा घ्या. खर्चाचं आम्ही जुने लोक आपसात बघतो, त्याची चर्चा धाग्यावर नको. सुटे जोड लावायला काटछाट आणि मी येऊ, हात अजून स्थिर आहेत. डोळ्यांचं सांगत नाही. आवाज ओळखायला रात्रपाळी आणि खर्ज. स्टुडिओ १ मधल्या सहांपैकी उरलेले कोण, ते तिरकस यांनी शोधावं.

लेकी, वही स्कॅन करून ठेव. आणि चिठ्ठ्या तुकड्यांपासून सोडवू नकोस. कुठली चिठ्ठी कुठल्या तुकड्याची हे नानाला पाठ होतं, आम्हाला नाही.